ओरेस्तेसचे पाच ठोके

ओरेस्तेस, तुला मराठी येत नव्हतं. म्हणूनच मी मराठीत लिहितोय असं तू म्हणशील, आणि ते निम्मं खरं आहे. ज्याची माफी मागायची त्याला न कळणाऱ्या भाषेत ती मागायची, ही पळवाट मला शोभते. उरलेलं निम्मं पुढे सांगेन. मी कुठलीच गोष्ट सरळ सांगत नाही, हे तुला माहीत आहे. तुझी बायको ब्रीड एकदा म्हणाली होती, "याला किती वाजले विचारू नका. घड्याळ कुठल्या दुकानातून घेतलं आणि त्या दुकानदाराचं लग्न कसं मोडलं, तिथपासून सुरू होतो." तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मी अजून त्या दुकानदाराच्या लग्नापाशीच आहे.

आपली ओळख एका पाइपमुळे झाली. इथे आयर्लंडात, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात तू फिटर आणि मी क्वालिटीवाला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका कागदावर उतरवून पगार घेणारा. मी फाइल घेऊन चाललो होतो आणि तू स्पॅनरने पाइपवर ठोकत होतास. तीन ठोके, जरा थांबून दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. मी चष्मा वर सरकवला आणि साहेबी आवाजात विचारलं,

"ही कुठली टेस्ट?"

"टेस्ट नाही," तू म्हणालास. "पाइप कंटाळलाय."

सहा फुटांचा, काळाभोर, पांढऱ्या दाढीचा क्यूबन माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने हे सांगत होता. मी फाइल खाली ठेवली. आता मी गप्प बसेन तर शपथ. मी तुला सांगितलं की तालातलं थोडंफार मलाही कळतं, मी कॉलेजात असताना सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवायचो.

"काय वाजवायचास?"

"कोंगो. ते उभे दोन मोठे. आणि गुडघ्यांत धरायचे छोटे, ते बोंगो."

"ते तुमच्याकडे कुठून आले?"

"मिरजेहून," मी म्हणालो.

तू इतका हसलास की सुपरवायझर धावत आला, त्याला वाटलं अपघात झाला. माझा काय दोष? मिरजेला वाद्यं बनतात, आमचे कोंगो तिथूनच दुरुस्त होऊन यायचे. गणपतीच्या दहा दिवसांत दहा गावं करायचो, चमचमता शर्ट घालून हिंदी गाण्यांना ठेका धरायचो. तो ठेका कुणाचा, हा प्रश्नच कधी पडला नाही.

तो तुझा होता. कँटीनमध्ये चिप्स खाता खाता तू सांगितलंस. तुझ्या मातांसास गावचा, आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या तुझ्या पणजोबांच्या पिढीचा. ऊस तोडायला आणलेल्या त्या माणसांचे ढोल मालकांनी काढून घेतले, तेव्हा त्यांनी खाऱ्या मासळीची खोकी वाजवली, मेणबत्त्यांच्या पेट्या वाजवल्या, कपाटाचे खण वाजवले. जहाजं बांधायच्या लाकडी खुंट्या उचलून एकमेकींवर आपटल्या, त्यांचे झाले क्लावे, आमच्या टिपऱ्यांसारखे दोन दांडके. तिथून हे सगळं न्यूयॉर्कला गेलं, तबकड्यांवर चढलं, उलटं आफ्रिकेलाही पोचलं. मुंबईच्या स्टुडिओत शिरलं आणि तिथून आमच्या चमचमत्या शर्टांत.

"म्हणजे बघ आसेरे," तू म्हणालास, "तू मला भेटायच्या आधीच मी तुझ्या गावात येऊन गेलो होतो. कुणी चहासुद्धा विचारला नाही."

आसेरे म्हणजे दोस्त. चेष्टेत असलास की मला 'मायेस्त्रो' म्हणायचास, मनातलं बोलायचं असलं की 'आसेरे'. पहिल्याच दिवशी 'आसेरे' झालो म्हणून मी घरी येऊन बायकोपुढे केवढी छाती फुगवली होती!

मग सहा वर्षं शनिवारच्या दुपारी बिशपस्टाउनला आमच्या गॅरेजमध्ये आपण बसलो. माझा तबला आणि तुझं ते खोकं, कारखान्यातल्या एका मशीनच्या पॅकिंगच्या फळ्यांतून तू बनवलेलं. आणि आपलं भांडण. माझ्या वडिलांनी, त्यांनीच मला तबला शिकवला, एकच गोष्ट हातात घट्ट बसवली होती: "कुठंबी भटक, पण समेला घरी यायचं." मी भटकायचो, तिहाई घ्यायचो, भुवया उंचावून, मान झटकून समेवर धाडकन उतरायचो आणि दाद मिळेल म्हणून तुझ्याकडे बघायचो. तुझ्या दांडक्यांत नेमकी तिथे शांतता असायची.

"पोचलास," तू म्हणायचास. "पण घरी कोणी नाही."

"घर इथेच आहे! तुझे लोक बाहेर गेलेत!"

"मायेस्त्रो, हे घर नाहीच. हा रस्ता आहे. रस्त्यावर चालतात, रस्त्यावर पोचत नाहीत."

मी तुला आवर्तन समजावलं, कागदावर मात्रा मांडून दाखवल्या, त्यावर तू चहाचा कप ठेवलास. तू मला हाताला धरून गॅरेजभर चालवलंस, तीन आणि दोन, तीन आणि दोन, आणि सई, माझी मुलगी, दारात उभी राहून म्हणाली, "यू टू लुक लाइक अ वेडिंग." सहा वर्षांत ते पाच ठोके मला एकदाही तुझ्यासारखे धरता आले नाहीत. माझा हात दर वेळी समेकडे ओढ घ्यायचा. भांडण तसंच राहिलं. मला वाटायचं, राहू दे, वेळ आहे.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल. सांगलीत वडील गेले, आणि साथीमुळे विमानं बंद. भावाने फोन धरून ठेवला होता, मी चार इंची पडद्यावर वडिलांना नेताना पाहिलं. समेला घरी यायचं असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या मुलाला घरी जाता आलं नाही. सुतकात कोण येणार? कॉर्कमधली मराठी मंडळी फोनवर येत होती, बिचारी अडखळत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीचं दार वाजलं. तू पांढऱ्या कपड्यांत होतास, डोक्याला पांढरी टोपी. बागेच्या पार त्या टोकाला खोकं ठेवलंस, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवलास आणि तिथूनच ओरडून विचारलंस,

"वडिलांचं नाव काय?"

"दत्तात्रय."

तू ते चार वेळा म्हणून पाहिलंस, बरोबर जमेपर्यंत. मग खोक्यावर बसलास आणि गायलास. गेलेल्यांसाठी वाजवायचा तो ताल, आजीकडून आलेला. त्या आफ्रिकेच्या भाषेतले निम्मे शब्द तुलाही कळत नव्हते, तूच म्हणालास, "अर्थ आजीला विचारायचा राहिला." आधी तू तुझ्या माणसांची नावं घेतलीस, आजीचं, आईचं, बुडालेल्या भावाचं. गेलेल्यांना नावाने हाक मारायची, म्हणजे ते नव्या माणसाला वाटेत भेटतात. आणि मग त्या रांगेत माझ्या वडिलांचं नाव आलं. दत्तात्रय. शेजारच्या आयरिश आजीबाई कुंपणापलीकडे येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. मी पहिल्यांदा रडलो ते तेव्हा. जाताना तू एवढंच म्हणालास, "हे तुझ्यासाठी. स्टेजसाठी नाही, मायेस्त्रो." आणि लगेच सुधारून, "आसेरे."

आता मी थांबतो. पाणी पिऊन येतो.

ऑगस्टात गणपती आले. कॉर्कच्या आमच्या मराठी मंडळाचा उत्सव ऑनलाइन. मला तू ओळखतोस, हॉल नाही, माइक नाही, समोर माणसं नाहीत, म्हणजे माझा श्वासच बंद. पंधरा वर्षं या मंडळाचं सूत्रसंचालन केलेला माणूस मी, लोकांच्या हसण्यावर जगलेला. मंजिरीने, म्हणजे आमच्या सचिवांनी, फोन केला: "विनायकदादा, सगळे वैतागलेत हो. काहीतरी हसवा ना." आणि मला सुचलं. कसं सुचलं, विचारू नकोस.

बायकोचा पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळला. तोंडात सिगारसारखी अगरबत्ती धरली. किचन प्रेसचा, म्हणजे कपाटाचा, खण काढून पालथा घातला, शेजारी पाण्याचा ग्लास. आणि 'क्यूबाचे महाराज' म्हणून कॅमेऱ्यासमोर बसलो. तुझा आवाज काढला, तुझे हेल काढले, तू जबड्यातून 'र' घोळवतोस तसा घोळवला. तुझा ताल वाजवला. आणि नावं घ्यायची वेळ आली तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीची नावं घेतली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सगळे त्या लयीत, हुंदके देत. आमच्याकडे सूत्रसंचालकाने कमिटीची टिंगल करायची ही रीतच आहे, लोक वाटच बघत असतात. हसू ऐकू यावं म्हणून मी सगळ्यांना माइक चालू ठेवायला लावले होते. ओरेस्तेस, काय हसले ते! खजिनदारांच्या पत्नी खुर्चीवरून कलंडल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्यात जीव आल्यासारखं वाटलं.

नंतर मी स्वयंपाकघरात मोदक खात होतो, एक हात फोनवर, कौतुकाचे मेसेज वाचत. सई दारात आली.

"बाबा, दॅट वॉज नॉट ओके."

"अगं, गंमत होती."

"ओरेस्तेस तिथे होता. मीच लिंक पाठवली होती. तो दर वर्षी येतो ना आपल्या गणपतीला."

येतोस. कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसतोस, आरतीच्या टाळ्या आमच्या पोरांपेक्षा बरोबर धरतोस, कमिटीतल्या एकेकाला नावाने ओळखतोस. मी म्हणालो, "अरे बापरे, मला कुठे माहीत?" आणि मोदक खाली ठेवला. मोदक खाली ठेवतानाही मी नीट, बघणाऱ्याला दिसेल असा ठेवला.

पुढचे सात महिने मी काय केलं सांगू? काही नाही. आमच्या कारखान्यात चूक झाली की चोवीस तासांत लेखी नोंदवायची, मूळ कारण लिहायचं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही लिहायचं. नव्या लोकांना हे शिकवतो मी. "चूक करणाऱ्याला माफी आहे, लपवणाऱ्याला नाही," असं बोट उंचावून सांगतो. शनिवार टाळायला तुला मी घरून काम करतोय म्हणून सांगितलं, मग पाठ दुखते म्हणून. जानेवारीत तू फोन केलास.

"आसेरे, शनिवारी चालत येतो. तू दारात ये, मी रस्त्यावर थांबतो. क्लावेच्या काठ्या आणतो."

"अरे, पाच किलोमीटरचा नियम आहे ना आता. तू पलीकडे पडतोस."

"पडतो का?" तू म्हणालास. "बरं. ग्रँड."

बालिनकॉलिग ते बिशपस्टाउन, तुझं दार ते माझं दार, चार पूर्णांक आठ. फोन ठेवायच्या आधीच मी नकाशात पाहिलं होतं. तूही पाहिलं असशील.

मार्चमध्ये एका सकाळी चहा ओतताना तू खाली बसलास आणि उठला नाहीस. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. बाकीच्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, इथे या वर्षात सगळे तसेच निरोप देताहेत. मी त्या दिवशी चालत आलो. एक तास पाच मिनिटं लागली, आणि प्रत्येक पावलाला कळत होतं की हे अंतर चालता येतं. मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, कारखान्यातली पोरं पिवळी जाकिटं घालून आलेली, तुझ्याकडे नाच शिकलेल्या बायका. तुझी गाडी सावकाश गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, गाणं नाही, काही नाही. तुझ्यासारख्या माणसाला शांततेत नेलं. मी पुढे होऊन पाच ठोके टाळ्यांनी द्यायला हवे होते. हात वर आलेही. पण मनात आलं, लोक म्हणतील, हा इथेही कार्यक्रम करतोय. ते म्हणाले असते तर बरोबरच होतं. हात मी खिशात घातले.

आता ते सांगतो जे सईलाही सांगितलेलं नाही. मी सईला म्हणालो, मला माहीत नव्हतं. खोटं. त्या दिवशी मी वाजवायला सुरुवात केली तेव्हा लोक अजून शांत होते, काय चाललंय ते त्यांना कळायचं होतं. त्या शांततेत मला लाकडाचा बारीक आवाज ऐकू आला. तीन आणि दोन. पडद्यावर एका काळ्या चौकोनाला पिवळी कड आली, नाव होतं 'ब्रीड'. कॅमेरा बंद. आत तू होतास, आणि क्लावे धरत होतास. मला साथ देत होतास. मी पाहिलं, मी ऐकलं. आणि तरी मी नावांकडे वळलो, कारण पहिलं हसू फुटलं होतं आणि दुसरं येतंय हे मला कळत होतं. तेव्हा कॉलममध्ये भरायचं झालं तर, मूळ कारण: टाळ्या.

तुला पुरलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रीडचा फोन आला. मी जे काही पाठ करून ठेवलं होतं त्यातलं पहिलं वाक्य झालं नसेल, तिने तोडलं.

"ऐक, बॉय. भाषण नको. त्या दिवशीचं मी सांगते. मी शेजारीच बसले होते. तू वाजवायला लागलास तसा हा उठला, काठ्या काढल्या. मला म्हणाला, 'बघ! बघ, आला रस्त्यावर! सहा वर्षांनी आला!' नाचायचाच बाकी राहिला होता, लाइक."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग तू ती नावं घ्यायला लागलास. हा ऐकत होता. काठ्या खाली ठेवल्या. म्हणाला, 'पण ही माणसं तर जिवंत आहेत.'"

"रागावला का?"

"तो? नाही. मला विचारत होता, त्याला कुणी सांगितलं नसेल का? मग म्हणाला, मीच नीट सांगितलं नसेल. शनिवारी जाऊन सांगतो." ब्रीडने नाक ओढलं. "पण मग तुझी पाठ दुखायला लागली ना."

म्हणजे तू ज्या चालत येण्याबद्दल बोलत होतास ते त्यासाठी होतं. चूक माझी, आणि ती नोंदवायला तू चार पूर्णांक आठ किलोमीटर येणार होतास, स्वतःच्या नावावर.

परवा मंजिरीचा मेसेज आला. पाडव्याचा ऑनलाइन कार्यक्रम आहे, आणि लोकांची फर्माईश: "दादा, गणपतीतलं ते क्यूबावालं पुन्हा करा ना, प्लीज! तुफान होतं." खाली हसणारे आठ चेहरे. माझ्या लेखाचं उरलेलं निम्मं कारण हे आहे. ती चेष्टा मराठीत झाली होती, मराठी माणसांसमोर, ओरेस्तेस. माफीही तिथेच झाली पाहिजे. म्हणून हा लेख मंडळाच्या पाडव्याच्या अंकात. मंडळी, तुमचा दोष नाही, तुम्हाला मी सांगितलंच नव्हतं की तुम्ही कशाला हसताय. ते माझ्या वडिलांसाठी वाजवलेलं होतं. ग्रुपवर तो व्हिडिओ असेल तर कृपा करून काढून टाका. आणि खजिनदारसाहेब, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. हे विनोदाने लिहीत नाहीये.

इथे माणूस गेल्यावर महिन्याने त्याच्यासाठी प्रार्थना ठेवतात, आपल्या मासिक श्राद्धासारखीच. ब्रीडने मला त्या दिवशी तुमच्या बागेत बोलावलंय. ती एका खिडकीत बसेल, मी त्या टोकाला. तुझ्या काठ्या तिने माझ्या पायरीवर आणून ठेवल्या, जुन्या टी-टॉवेलमध्ये गुंडाळून. "त्याला वाटेत भेटायला कुणीतरी हवं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना सांग. त्यांची ओळख आहे."

तेव्हापासून रोज दुपारी मी गॅरेजमध्ये बसतो. पांढरे कपडे नाहीत, अगरबत्ती नाही, समोर कुणी नाही. फक्त पाण्याचा ग्लास. आणि जमत नाही. दुपट्टा गुंडाळून, डोळे वटारून, लोकांना हसवायच्या नादात जे एकदा आपसूक आलं, ते आता खरं वाजवायला बसलो की येत नाही. तीन येतात. दोन येतात. तुझ्या आजीचं नाव, तुझ्या आईचं, भावाचं. मग दत्तात्रय. तोपर्यंत हात चालत असतो. पुढचं नाव तुझं. ते तोंडात येतं, आणि हात धाडकन समेवर पडतो.

पोचतो मी, आसेरे. दर वेळी पोचतो.